अर्जवाला

अर्जवाल्याचा आवाज मोठा होता आणि तो लहान करणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. सीताबर्डीवरच्या माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एका वेळी बारा मशिनी खडखडत असत. तरी तो जिन्याच्या पहिल्या पायरीवरून "बाई, मराठी मशीन रिकामी आहे का?" असं विचारी, तेव्हा ते खिडकीजवळच्या शेवटच्या मुलीलाही ऐकू जाई. मुली तोंडाला रुमाल लावून हसायच्या. मी त्याला हळू बोलायला सांगायची. "आमचा बुढा बहिरा आहे, बाई," तो तितक्याच मोठ्याने म्हणायचा, "घरात हळू बोलाची सवयच नाई कोनाले."

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. तो असेल तेवीसचा. उमरेडकडच्या एका खेड्यातून बी.ए. करायला आला आणि दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून एका लहानशा पक्षाचा कार्यकर्ता झाला. पक्षाचं ऑफिस म्हणजे महालातली जिन्याखालची एक खोली. तिथेच तो झोपे. दिवसभर मात्र मालधक्क्यावर असे, जिथे वॅगनींमधून सिमेंटची, मिठाची, खताची पोती उतरत. तिथल्या हमालांचे आणि बायांचे अर्ज तोच लिही, म्हणून सगळे त्याला अर्जवाला म्हणत. त्याचं खरं नाव मला कितीतरी महिन्यांनी कळलं.

हाताने लिहिलेला अर्ज साहेब वाचत नाही, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून तो टायपिंग शिकायला माझ्याकडे आला. मी तेव्हा पस्तिशीची. इन्स्टिट्यूट वडिलांचं; ते गेल्यावर मी चालवायला घेतलं आणि त्यात लग्न राहून गेलं. मुली हसतात म्हणून काही दिवसांनी मी त्याला दुपारी यायला सांगितलं; तेव्हा बॅच नसे. मशिनींवर खोळी चढवल्या की वर चिटपाखरू नसायचं. दोन वाजता तो यायचा, खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचा, जणू आत्ता कुणीतरी उठ म्हणेल, आणि दोन बोटांनी अक्षरं शोधू लागायचा. दहा बोटांनी टाइप करायला मी त्याला पुष्कळ शिकवलं. "बाई, मले परीक्षा नाई देयाची. अर्ज निंगला पायजे," म्हणायचा. मग कंटाळून मीच कागद ओढून घ्यायची. तो सांगायचा, मी टाइप करायची.

पहिल्याच अर्जावर आमचं वाजलं. मी सवयीने "सविनय सादर" असं टाइप केलं. त्याने बोट ठेवलं.

"सविनय मंजे?"

"नम्रपणे."

"मानसाचा पाय गेला, बाई. नम्रपने काहून लिहाचं?"

मी त्याला सरकारी पत्रव्यवहाराची रीत समजावून सांगितली. त्याने ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाला, "काढा ते." टाइप केलेला प्रत्येक अर्ज तो आधी धक्क्यावर नेऊन मोठ्याने वाचून दाखवी. ज्यांच्या अंगठ्यांचे ठसे खाली घ्यायचे त्यांना एखादा शब्द कळला नाही, तर दुसऱ्या दिवशी तो परत हजर. एकदा 'अपघातग्रस्त' या शब्दासाठी आला. सिमेंट झाडणाऱ्या एका बाईने विचारलं होतं, हे कोनाचं आडनाव आहे? आम्ही तिथे 'ज्याचा पाय गेला तो' असं घातलं. मी म्हटलं, "अरे, साहेब हसेल." आठवड्याने तो कचेरीतून आला तो जिन्यातूनच ओरडत, "हासला, बाई! पन पुरा वाचला!"

ज्याचा पाय गेला तो महादू नावाचा हमाल. वॅगनीतून ट्रकवर टाकलेली फळी घसरली आणि पोत्यासकट तो खाली आला. चौकशी झाली तेव्हा ठेकेदाराने सांगितलं, हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच. रोज सकाळी मुकादम बोटाने दाखवी तो कामाला आणि बाकीचे घरी, अशी तिथली पद्धत. नाव कुठेही लिहिलेलं नसे. तेव्हापासून अर्जवाल्याची एकच मागणी राहिली, हजेरीची वही. मी एकदा म्हटलं, पाणी मागा, शेड मागा, वहीचं काय घेऊन बसलास? तो म्हणाला, "नाव लिवून असलं मंजे मानूस होता असं ठरते, बाई." मुकादमाला हेच नको होतं. वही आली की बोटातली ताकद गेली.

पक्षालाही ती वही फारशी नको होती. मुकादमाच्या हातात हमालांच्या वस्तीतली मतं होती आणि निवडणूक तोंडावर आली होती. धक्का सोड आणि प्रचाराला लाग, असं त्याला सांगण्यात आलं. तो नाही म्हणाला. मग त्याच्याकडून जिन्याखालच्या खोलीची किल्ली मागून घेतली गेली. त्यानंतर तो कुठे झोपत होता, मला ठाऊक नाही. विचारलं तर "आहे ना जागा" एवढंच. एक दुपार मात्र आठवते. कागद मशीनवर चढवून तो नुसताच बसून होता. म्हणाला, "लोक मनातून माह्यासंगंच आहेत, बाई. पन मी बोलून राहिलो का बाजूले कोनी उभं नाई राहत." मी रिबन बदलत होते.

मग एक दिवस मुकादमाचा माणूस वर आला. पांढरे कपडे, तोंडात पान. सगळ्या मशिनींवरून नजर फिरवून त्याने हिंदीत विचारलं, अर्ज इथेच टाइप होतात का? मी हो म्हटलं. "अच्छा है," एवढं बोलून तो उतरून गेला. अर्जवाला आल्यावर मी त्याला सांगितलं. तो हसला नाही. त्या दिवशी अर्ज त्याने स्वतः टाइप केला, पोलीस ठाण्याच्या नावाने. मला जिवे मारण्याची धमकी मिळाली आहे, धमकी देणाऱ्यांची नावं ही. चार ओळींना पाऊण तास लागला. दोन्ही प्रतींवर सही करून तो गेला आणि तासाभरात दोन्ही घेऊन परत आला. घेत नाहीत म्हणाला, शिक्का मारत नाहीत. वरची प्रत त्याने खिशात घातली आणि कार्बनची माझ्यापुढे ठेवली. "हे तुमच्याजवळ राहू द्या."

"घरी जा काही दिवस," मी म्हटलं.

"जातो ना. धान कापाले जातोच."

तो गेला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी दोन वाजले, अडीच वाजले, चारची बॅच आली. मराठी मशीनवर एक मुलगी बसली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, मालधक्क्याजवळ दोन गटांच्या वादात तरुण ठार. गट दोन नव्हतेच. तो सायकलवरून येत होता, माझ्याकडेच येत असावा. भर दुपारी, चाळीस-पन्नास माणसांसमोर चौघांनी त्याला खाली ओढलं आणि लोखंडी कांबींनी मारलं. चाळीस-पन्नास माणसांपैकी कुणी काही पाहिलं नव्हतं.

पक्षाने शोकसभा घेतली. मी मागे उभी होते. ज्यांनी किल्ली मागितली ते त्याच्याविषयी फार चांगलं बोलले.

तो कागद पोलिसांकडे न्यायला मला अकरा दिवस लागले. मोठा भाऊ धंतोलीत राहायचा, तो धावत आला. "तुझा काय संबंध? एकटी बाई, दुपारची वेळ, आणि तो पोरगा. लोक काय अर्थ काढतील कळतंय का तुला?" कळत होतं, म्हणूनच तर अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी मी गेले.

खटला उभा राहायला दीड वर्ष लागलं. धक्क्यावरचे दोन साक्षीदार पिंजऱ्यात आले, जमिनीकडे पाहून "मले काई आठवत नाई" म्हणाले आणि उतरले. महादू कुबडी घेऊन रोज येऊन बसे, पण खुनाच्या दिवशी तो धक्क्यावर नव्हता, त्याला काय विचारणार? राहिले मी. आरोपींच्या वकिलांनी आधी कागद दाखवला. शिक्का नाही. असा कागद नंतरही कुणी तयार करू शकतं, खरं ना? मग त्यांनी चष्मा काढला.

"मयत आपल्याकडे कशासाठी येत असे?"

"टायपिंग शिकायला. माझा विद्यार्थी होता."

"परीक्षेला बसला होता?"

"नाही."

"कोणत्या बॅचला होता?"

"बॅचला नव्हता. दुपारी यायचा."

"दुपारी. तेव्हा आणखी कोण असे?"

"कोणी नाही."

कोर्टात मागे कुणीतरी खाकरलं.

"विद्यार्थ्यांचं हजेरी रजिस्टर ठेवता ना आपण? त्यात मयताचं नाव आहे?"

दोन वर्षं वहीसाठी भांडणाऱ्या त्या मुलाचं नाव मी माझ्या वहीत लिहिलं नव्हतं. परीक्षेला बसणार नाही त्याचं कशाला लिहायचं, एवढाच विचार केला होता.

"नाही," मी म्हणाले.

चौघेही संशयाचा फायदा मिळून सुटले. पुढे धक्क्यावर हजेरीची वही आली म्हणतात. मुकादम तोच राहिला. माझ्या मुली मात्र कमी होत गेल्या. कुणाचे वडील येऊन काही बोलले नाहीत, मुली फक्त यायच्या बंद झाल्या. बारापैकी सात मशिनींवरच्या खोळी मग काढाव्याच लागत नसत.

निकालानंतर चार-पाच दिवसांनी एक बाई जिना चढून आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडाचं गाठोडं. दाराशीच उभ्या राहिल्या.

"अर्ज लिवे त्या पोराची माय हाओ मी."

मी खुर्ची दिली, पण त्या खालीच बसल्या. मीही खाली बसले. निकालाचं कसं सांगावं हे मी मनात जुळवत होते. त्यांनी ते विचारलंच नाही. कोर्टाचं नाही, त्या चौघांचं नाही. मशिनींकडे पाहत म्हणाल्या, "बाई, येक इचारू का? तो जेवे कोनासंगं? घरी त्याले एकट्याले जेवन जात नसे. लहानपनापासून. कोनी नसलं तं ताट घेऊन शेजारी जाये."

मी डबा दीड वाजता खायची. तो दोनला यायचा. दोन वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, जेवलास का.

कोर्टात शपथेवर मी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं. त्यांना म्हणाले, "इथेच. माझ्याबरोबर. रोज."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काय जेवे?"

"पोळी, भाजी... वांगं."

"वांगं?" त्यांचा चेहरा एकदम बदलला. "घरी तं हात नाई लावे वांग्याले!"

"इथे खायचा."

"हाओ?"

"हो. मागून घ्यायचा."

त्या थोडं हसल्या. गाठोड्यातून मुरमुऱ्याचे दोन लाडू काढून माझ्या हातावर ठेवले आणि बस चुकेल म्हणून उठल्या. मी जिन्यापर्यंत गेले. भिंतीला हात लावत त्या एकेक पायरी उतरत होत्या. "वांगं खाये म्हनते," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि वळून न पाहता खाली रस्त्यावर गेल्या.