धुक्याचे दिवे

फ्यूजकाकांची गाडी गेली सहा वर्षं प्रवासाला निघत होती.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. चाकांवरचं घरच. जुन्या काळची, गोल नाकाची, खालून निळी आणि वरून सायीच्या रंगाची. आत एक बाक, रात्री उलगडला की त्याचाच पलंग व्हायचा. दोन बर्नरची शेगडी, वाडग्याएवढं बेसिन, आणि खिडक्यांना काकूंनी स्वतः शिवलेले पडदे. निवृत्त झाले त्या वर्षी काकांनी ती एका भंगारवाल्याच्या दारातून वाचवली. घरापर्यंत ती डेपोतल्या एका ड्रायव्हरने चालवत आणली. काका शेजारी बसून सारा वेळ त्याच्या पायांकडे बघत होते. तेव्हापासून गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडखाली उभी होती.

पहिल्या वर्षी काकांनी इंजिन उतरवलं. दुसऱ्या वर्षी सहा व्होल्टची सगळी वायरिंग उपसून बारा व्होल्टची केली. तिसऱ्या वर्षी छत गळतं असा शोध लागला. मग पाण्याची टाकी, मग दारांची रबरं, मग वायपर. शेजारी कुंपणावरून विचारायचे, "काय फ्यूजकाका, कधी निघताय?" काका तोंडातला स्क्रू हातात घेऊन म्हणायचे, "हे काय, एवढं झालं की निघालोच." पुढेपुढे शेजाऱ्यांनी विचारणं सोडून दिलं.

काका बस डेपोत चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. शर्टाच्या खिशात सदा फ्यूज खुळखुळायचे, म्हणून हे नाव पडलं आणि खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं. काकू त्याच डेपोत तिकिटाच्या खिडकीवर होत्या. त्यांच्या खिडकीवरचा बल्ब एका महिन्यात तीनदा बदलला गेला, तेव्हा डेपोला कळलं की दोष बल्बमध्ये नाही. चौथ्या महिन्यात लग्न झालं.

लाखो माणसांना ह्या दोघांनी प्रवासाला लावलं. एकाने दिवे लावून दिले, दुसरीने तिकीट फाडून दिलं, आणि दोघं संध्याकाळी पायी घरी आले. काकूंना प्रत्येक मार्गावरचे सगळे स्टॉप ओळीने पाठ होते, पण त्यांतला एकही त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचा जीव अडकला होता तो सर्वांत लांबच्या मार्गावरच्या शेवटच्या स्टॉपमध्ये. तिथे एक तळं आहे. एकदा एका प्रवाशाने सुटे पैसे उचलता उचलता खिडकीतून सांगितलं होतं, "सकाळी तळं दिसतच नाही हो. धुकं असतं. नुसता वल्ह्यांचा आवाज येतो." एवढं बोलून तो गेला. काकूंनी ते वाक्य वीस वर्षं जपून ठेवलं होतं.

संध्याकाळी दोघं चहा घेऊन गाडीत जाऊन बसायचे. काका स्टिअरिंगवर, काकू शेजारी. उभ्या गाडीत. काकू डोळे मिटून त्या मार्गाचे स्टॉप म्हणू लागायच्या: पुलाचा, गिरणीचा, जुन्या दवाखान्याचा. काका क्लच दाबून पहिला गिअर टाकायचे, मग दुसरा. समोर शेडची भिंत असायची, पण दोघांनाही ती दिसत नसे. पूल मागे जायचा, गिरणीचं धुराडं मागे जायचं, कुठल्यातरी शेताच्या कडेला कुणीतरी हात करायचं. सातव्या स्टॉपला नेमका चहा संपायचा. "चल, कप रिकामा झाला," असं म्हणून काका गाडी थांबवायचे, म्हणजे खरं तर कप खाली ठेवायचे. आठव्या स्टॉपचं नाव त्या गाडीत कधी घेतलंच गेलं नाही. सातव्यानंतर मोठा सरळ रस्ता लागतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता ह्यातली मेख सांगतो. फ्यूजकाकांनी डेपोतली प्रत्येक बस चालवली होती. दुरुस्तीच्या खड्ड्यापासून शेडपर्यंत, शेडपासून फलाटापर्यंत. माणूस चालेल त्या वेगाने. चौतीस वर्षांत ते तिसरा गिअर टाकायला गेले ते एकदाच. नवीन असताना साहेबांनी एक रिकामी बस रस्त्यावर फिरवून आण म्हणून पाठवलं. गेटबाहेर काकांनी तिसऱ्याच्या जागी भलताच गिअर टाकला, बसने गचके खाल्ले आणि भर चौकात आडवी उभी राहिली. दोन्हीकडून हॉर्न, आणि फलाटावरचे सगळे ड्रायव्हर पोट धरून हसताहेत. काका उतरले आणि चालत परत आले. लायसन्स खिशात राहिलं, पण बस घेऊन गेट त्यांनी पुन्हा ओलांडलं नाही. काकूंना मात्र लग्नाच्या आधी, फुशारकीच्या भरात, ते सांगून बसले होते, "असली कुठलीही गाडी मी डोळे मिटून चालवतो." ते एक वाक्य निस्तरण्यात त्यांचं उरलेलं आयुष्य चाललं होतं.

ह्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला एक आइस्क्रीमवाला दारात आला. त्याला गाडी हवी होती. एका बाजूचा पत्रा कापून खिडकी करणार, बागेसमोर उभी करणार. काका "छे छे" म्हणेपर्यंत काकू बाहेर आल्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या रविवारी दहाला या. गाडी इथे असली तर घेऊन जा."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, असं काय बोलतेस?"

"पत्रा कापला तर निदान कुणाच्या उपयोगी तरी पडेल. मी आता भिंतीकडे बघत चहा नाही पिणार."

"मी निघणारच होतो. पण आता धुक्याचे दिवस. तळ्याच्या रस्त्याला नदी लागते. साध्या दिव्यांनी धुक्यात जाता येत नाही, उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. खाली लावायचे पिवळे दिवे लागतात. ते कुठे मिळतात आता!"

काकू आत निघून गेल्या. काकांना वाटलं, वेळ मारून नेली. ह्या वर्षीचं धुकं सरेपर्यंत तरी निवांत.

बुधवारी काकू दुपारी कुठेतरी जाऊन आल्या आणि ओट्यावर एक खोकं ठेवलं. काकांनी झाकण उघडलं. आत दोन गोल पिवळे दिवे. एकाच्या बसवायच्या पट्टीचा कोपरा कानशीने तिरका घासलेला. काकांनी त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. हे घासकाम त्यांच्याच हातचं होतं. शेवटच्या स्टॉपला जाणाऱ्या त्या एका बसला त्यांनी हे दिवे लावले होते, आणि दर थंडीत गुडघ्यांवर बसून ते सरळ करून दिले होते. बस कधीच भंगारात गेली होती. काकू स्टोअरमधल्या जुन्या माणसाला भेटून दिवे शोधून घेऊन आल्या होत्या.

"पण हे बसचे," काका घाईघाईने म्हणाले. "चोवीस व्होल्टचे. आपली गाडी बाराची."

काकूंनी पर्समधून दोन छोट्या डब्या काढल्या. "बाराचे बल्ब. विचारून आणलेत."

"आणि रिले? रिले नसला तर स्विच जळेल."

"खोक्यातच खाली आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलाय."

काकांपुढे आता पाना उचलण्याशिवाय मार्ग उरला नाही.

पण पाना हातात आला की ह्या माणसाचं भय कुठल्या कुठे जायचं, हेही खरं. गुरुवारी ते बंपरसमोर पोतं अंथरून आडवे झाले. जुन्या पत्र्याला नवीन भोक पाडायचं नाही, हा त्यांचा नेम. बंपरचेच दोन बोल्ट सोडवून त्यांनी पट्ट्या त्यांच्याखाली घेतल्या आणि दिवे खाली, रस्त्यापासून हातभर उंचीवर, दोन टोकांना बसवले. बॅटरी मागे, इंजिनाशेजारी, म्हणून जाडी वायर गाडीच्या पोटाखालून थेट पुढे आणावी लागली. शुक्रवारचा दिवस त्यात गेला. दर वीतभर अंतरावर एक पट्टी, जिथे पत्र्याला घासेल तिथे रबरी नळी, बॅटरीपाशी फ्यूज. काम करताना ते गुणगुणत होते. शेवटी स्विच. तो त्यांनी डॅशबोर्डच्या मधोमध बसवला, दोघांचा हात पोचेल असा, आणि का ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

शनिवारी दिवस कलताना गाडी दहा पावलं मागे घेतली. काकूंनी शेडच्या भिंतीवर दिव्यांच्या उंचीला खडूने रेघ मारली. काकांनी स्विच दाबला. भिंतीवर पिवळा उजेड पसरला, वरची कड पट्टीने आखल्यासारखी. "चार बोटं खाली हवी रेघेच्या," काका म्हणाले. ते बोल्ट ढिला करत, काकू भिंतीला बोटं लावून सांगत, "अजून. अजून थोडं. पुरे." त्या उजेडात काकूंची बोटं सोन्याची दिसत होती. काकांना एकदम रडावंसं वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच गाडीत करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं.

रविवारी उजाडलं ते दिसलंच नाही. नदीकडून धुकं आलं होतं आणि शेड, कुंपण, शेजाऱ्याचं घर सगळं त्यात विरून गेलं होतं. काकू अंगात जाड स्वेटर घालून, थर्मास मांडीवर घेऊन आपल्या जागेवर बसल्या होत्या. काका स्टिअरिंगवर बसले. इंजिन सुरू केलं. आणि हात मांडीवर ठेवून तसेच बसून राहिले.

"मला येत नाही," ते म्हणाले.

काकू समोरच्या धुक्याकडे बघत होत्या.

"चालवता येत नाही मला. डेपोत फिरवायचो तेवढंच. दुसऱ्या गिअरच्या पुढे मी कधी गेलोच नाही. तुला खोटं सांगितलं होतं. इतकी वर्षं झाली, मग सांगायची लाज वाटायला लागली." मग म्हणाले, "देऊन टाक त्याला गाडी."

काकूंनी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

"माझी खिडकी कुठे उघडत होती?" त्यांनी विचारलं.

"कुठे म्हणजे? डेपोच्या शेडसमोर."

"एकतीस वर्षं तुम्हाला बस फलाटावर आणताना बघितलंय. पहिला आणि दुसरा. दुसरा आणि पहिला. आणि इथे, ह्या उभ्या गाडीत, जिथे कुणी बघत नाही की हसत नाही, तिथेसुद्धा तुम्ही तिसरा टाकला नाहीत. सातव्या स्टॉपला तुमचा चहा संपतो. माझा अर्धा कप उरलेला असतो दर वेळी."

काकांनी मधल्या स्विचकडे पाहिलं.

"मग हे दिवे का आणलेस?"

"बाहेर बघा की," काकू म्हणाल्या. "ह्या धुक्यात कुणाच्या बापाला तिसरा टाकता येणार आहे? आज सगळं गाव दुसऱ्यात चालणार. आणि दुसऱ्यात तुमच्याइतका मुरलेला माणूस मला तरी माहीत नाही."

काकांनी पहिला टाकला. फाटक मागे गेलं. गल्ली मागे गेली. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी त्यांनी एकदा साधे दिवे लावून पाहिले, समोर पांढरी भिंत उभी राहिली. ते बंद केले आणि मधला स्विच दाबला. पिवळा उजेड धुक्याच्या खालून सरपटत पुढे गेला आणि रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ सापडली.

खरंच सगळे दुसऱ्यात होते. ट्रक, मोटारी, दुधाची गाडी, सगळे चाचपडत. काकांचा पाय मात्र त्या वेगात घरच्यासारखा होता. ना गचका, ना घाई. रेघ धरून ते चालले होते, आणि मागून एकेक गाडी त्यांच्या मागे लागत होती.

"पाच झाल्या," काकू मागच्या खिडकीतून बघून म्हणाल्या. थोड्या वेळाने, "अकरा. ट्रकवालाही तुमच्या मागे आहे."

काकांची मान ताठ झाली.

पूल आला. पुलाचा म्हणजे खरा पूल, खाली नदी होती आणि ती दिसत नव्हती. गिरणी आली, तिचं धुराडं अर्धंच होतं, वरचं धुक्यात. काकू एकेक नाव घेत होत्या आणि ते नाव लिहिलेली पाटी खरोखर येत होती. हे इतकं साधं होतं की काकूंचे डोळे भरून आले. आपण हे स्वप्नात नाही ना, असं त्यांनी एकदा विचारलंही. काका म्हणाले, "स्वप्नात क्लच एवढा कडक नसतो."

सातवा स्टॉप आला, मागे गेला, आणि तिथेच धुकं संपलं. आधी पातळ झालं, मग एका वळणावर दोघं एकदम उन्हात आले. समोर सरळ, मोकळा, ओला रस्ता, नजर पोचेल तिथपर्यंत. इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये ओरडू लागलं. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. तो हॉर्न काकांना जुन्या चौकातूनच आल्यासारखा वाटला.

काकूंनी हात लांब केला आणि मधला स्विच बंद केला.

"दिव्यांचं काम झालं," त्या म्हणाल्या.

काकांनी क्लच दाबला. हात दांड्यावर ठेवला आणि तिथेच थांबला. काकूंनी थर्मासमधून दोन कप भरले, एक स्वतः धरला, एक त्यांच्यासाठी धरून ठेवला. मग काकांनी दांडा पुढे सरकवला. तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. इंजिनाचा आवाज उतरला, गाडीने गचका दिला नाही, आणि रस्ता पहिल्यांदाच त्यांच्या अंगावर वेगाने येऊ लागला.

काका हसत होते की रडत होते ते सांगता येत नाही. काकूंनी चहाचा घोट घेतला, समोर बघितलं आणि आठव्या स्टॉपचं नाव घेतलं.