डावा कोपरा लाल

मी खारघरच्या एका ऑफिसात आकड्यांची चित्रं करते आणि संध्याकाळी ओवे गावच्या महिला कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळते. दोन्हींचा मला भारी माज होता. म्हणूनच अंतिम सामन्याआधी मी आमच्या आठ सामन्यांचे मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून हीट मॅप केला. समोरची चढाईवाली जिथून गुण नेईल तिथे ठिपका. ठिपके दाटले की जागा लाल.

डावा कोपरा लालभडक निघाला.

तिथे खेळायची ती उरणहून लग्न होऊन आलेली, माझ्याहून लहान. सकाळी पनवेलच्या बाजारात मासळी विकायची, संध्याकाळी मैदानावर हजर. प्रशिक्षकांनी कागद पाहिला आणि अंतिम सामन्याला तिला बाहेर बसवायचं ठरवलं. ती भांडली नाही. मला एवढंच म्हणाली, "ताई, माज्याकडनं येवढे गुन गेले नाय. तुमी परत बगा."

माझं डोकंच फिरलं. माझ्या कामावर शंका? तिला खोटं पाडायचंच म्हणून रविवारी सकाळी मी व्हिडिओ लावून बसले. तिसऱ्या सामन्याला हात थांबला. मध्यांतरानंतर संघ बाजू बदलतात. चौदा वर्षं मी स्वतः बदलत आलेय! पण कॅमेरा जागचा हलत नाही, त्यामुळे पडद्यावर डावं-उजवं उलटतं, आणि मी सुरुवातीची बाजूच शेवटपर्यंत धरली होती. उत्तरार्धात उजव्या कोपऱ्यातून गेलेले सगळे गुण डाव्या कोपऱ्यात पडले होते.

उजवा कोपरा म्हणजे मी.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पाच मिनिटं तसा विचार केलाही, खोटं कशाला बोलू. मग स्वतःचीच लाज वाटली. आठही सामने पुन्हा लावले, एकेक ठिपका त्याच्या जागी नेला. मध्यांतरानंतर माझा दम तुटतो, पाय उशिरा निघतो, हे चित्रात लख्ख दिसत होतं.

संध्याकाळी नवा कागद प्रशिक्षकांच्या हातात दिला. त्यांनी तो जुन्या कागदाशेजारी धरला. "मंग बसवू कोनाला?"

"मला. मध्यांतरानंतर."

"नक्की?"

"नक्की."

अंतिम सामन्यात मध्यांतराला मी बाहेर आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. खेळ पुन्हा सुरू झाला आणि डाव्या कोपऱ्यात तिने पहिल्याच चढाईवालीचा घोटा धरला. रेषेबाहेर बसून मी रडत होते, आणि घसा फाटेस्तोवर तिच्या नावाने ओरडत होते.