दर्शनाचं ‘हाय’

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. डबे उघडले की एकीला एक आठवतो, दुसरीला दुसरा, आणि हात वाळले तरी उठवत नाही. आमच्या बेलापूरच्या सॉफ्टवेअर कंपनीचे तर ढीगभर साठलेत. कारण आमची कंपनी ‘सर्वसमावेशक’ आहे! दारातच तसा बोर्ड लावलाय. टेस्टिंगला आम्ही तिघी: मी, नसरीन आणि दर्शना कोळी. मॅनेजर कौस्तुभ सर.

*

दर्शना दिवाळे गावची, कोळीवाड्यातली. इंटरव्ह्यूत सरांनी विचारलं, “गावाहून रोज येणं जमेल?”

“सर, तुमच्या मागच्या खिडकीतून होड्या दिसतात ना, तेच आमचं गाव हाय.”

सर वळून बघतच राहिले. “अच्छा! आम्ही त्याला सी व्ह्यू म्हणतो.”

*

तिच्या तोंडी ‘आहे’ नाही, ‘हाय’. पहिल्याच आठवड्यात सरांनी फोनवर विचारलं, “सर्व्हर चालू आहे का?”

“हाय.”

“हाय, हाय! पण सर्व्हर चालू आहे का?”

“हाय ना सर!”

आम्ही हसून हसून बेजार. तीही हसली. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

*

मग पँट्रीत मायक्रोवेव्हवर कागद लागला: ‘सर्वांच्या भावनांचा आदर करून मासे गरम करू नयेत.’ दर्शनाच्या डब्यातल्या सुकटीवरून हे, दुसरं काय!

त्याच शुक्रवारी टीम लंच. सरांनी पहिली ऑर्डर दिली, “दोन प्लेट प्रॉन्स कोळीवाडा!”

नसरीन माझ्या कानात म्हणाली, “कोळीवाडा प्लेटीत चालतो गं, डब्यात नाही.”

*

नसरीन बाळंतपणानंतर कामावर आली. नव्या आयांसाठी कंपनीने खास खोली केलीय, उद्घाटनाला फुगेबिगे लावले होते. ती दूध काढायला गेली तर आत कौस्तुभ सर! क्लायंटशी बोलत होते. “इथे शांत असतं,” म्हणाले. वर संध्याकाळी मेल: ‘खोली आधी बुक करावी.’

आता छातीला दूध कधी दाटणार, याचंही कॅलेंडर इनव्हाइट पाठवायचं का? संताप नुसता!

*

पण अंगाची खरी आग झाली ती टीम लीडच्या पोस्टवरून. वर्षभर टीम दर्शनाने चालवली. सगळ्यांना वाटलं, तिलाच मिळणार. मिळाली पुण्याहून आलेल्या नव्या मुलाला, ज्याला ती अजून काम शिकवतेय.

सर म्हणाले, “दर्शना, काम चोखच आहे तुझं. पण ते ‘हाय, हाय’... क्लायंटसमोर बरं दिसत नाही.”

अहो, क्लायंट परदेशातला! त्याच्याशी ती इंग्रजीत बोलते. तिथे ‘हाय’ म्हटलं तर बिघडलं कुठे?

दर्शना उठून वॉशरूममध्ये गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते.

*

पुढच्याच महिन्यात डायव्हर्सिटी डे. सगळं ऑफिस हॉलमध्ये. एचआरच्या नीता मॅडम स्टेजवर खुशीत होत्या. माइकवरून विचारलं, “अगदी मोकळेपणाने सांगा हं. आपल्याला इथे डावललं जातं, असं वाटणारं कुणी आहे का?”

दर्शना उभी राहिली.

“हाय!”

मॅडमचा चेहरा खुलला. “हाय दर्शना!”

नसरीन उठली. “हाय!”

मी उठले. “हाय!”

मागून अकाउंट्सचा एक जण उठला, मग दाराजवळच्या सिक्युरिटीच्या मावशी. पहिल्या रांगेत कौस्तुभ सर मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते.

आणि मॅडम स्टेजवरून दोन्ही हात हलवून सगळ्यांना म्हणत होत्या, “हाय! हाय! हाय!”