मागच्या पानावरचं सिरप

नव्वदीच्या दशकात मी केजला लहान मुलांचा दवाखाना चालवत होते. जिल्ह्यातल्या डॉक्टरांचं एक मासिक तेव्हा बीडहून निघायचं. त्याच्या मागच्या पानावर जुलाब थांबवणाऱ्या एका सिरपची गुलाबी जाहिरात, आणि आत त्याच सिरपची आरती ओवाळणारा लेख. लेखाखाली नाव संपादकांचं, म्हणजे बीडच्या एका वजनदार डॉक्टरांचं. मजकूर कंपनीच्या माहितीपत्रकातला, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

एका उन्हाळ्यात एक बाई वर्षाचं लेकरू घेऊन आली. तिच्या गावच्या डॉक्टरांनी तेच सिरप दिलं होतं.

"जुलाब थांबले बाई, पर पोट लई फुगलंय. डोळंच उघडंना."

पोटाला स्टेथोस्कोप लावला. आतडी गप्प होती; सिरपनं जुलाबाबरोबर त्यांची हालचालच बंद पाडली होती. अंगातलं पाणी तर आधीच गेलेलं. सलाइन लावलं आणि जीप करून मी स्वतः त्याला अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. ते वाचलं. पुढं तसंच दुसरं मूल आलं, ते हाती लागलं नाही.

त्या गावच्या डॉक्टरांना मी विचारलं, तर त्यांनी मासिकच पुढं केलं. एवढा मोठा माणूस लिहितो म्हटल्यावर आम्ही शंका कशाला घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मला राग आला नाही. राग आला तो लिहिणाऱ्याचा.

दोन्ही मुलांची हकिकत लिहून मी मासिकाकडं पाठवली. छापून येईना, म्हणून बीडला गेले. संपादकांनी चहा मागवला. कपावर त्याच कंपनीचं नाव होतं, आणि त्याची त्यांना लाजही नव्हती.

"मॅडम, मासिक काय हवेवर निघतं का? सिरपचं नाव काढा, लगेच छापतो."

"नाव काढलं तर उरतं काय?"

ते हसले. पुढच्या अंकात माझ्या नावावर दोन ओळी आल्या: जुलाबात मुलांना पाणी पाजावे. त्याखाली अर्धं पान सिरप.

मग माझ्या मूळ मजकुराच्या झेरॉक्स काढून मी तालुक्यातल्या डॉक्टरांना नेऊन दिल्या. काहींनी वाचल्या, काहींनी माझ्यादेखत टेबलाखाली सारल्या. त्या गावच्या डॉक्टरांनी मात्र सिरप बंद केलं.

काही वर्षांनी कंपनीनंच ते गुपचूप बाजारातून काढून घेतलं. मासिकात त्याबद्दल अक्षर नाही. मागच्या पानावर आता बुद्धी वाढवणारं टॉनिक होतं. संपादक पायउतार झाले, तेव्हा त्यांच्या निर्भीड लेखणीचा सत्कार झाला. जेवण टॉनिकवाल्यांचं. निमंत्रण मलाही होतं. मी गेले नाही.