आप्पांचं रिकामं स्टूल

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींना मी हसणारी बाई. अंगात आलेल्या मावशीलाही 'आधी चहा घे' म्हणणारी. तरी हे लिहितेय...

आमचं घर सीमाभागात, बेळगुंदीत. माझे वडील, आप्पा, शाळामास्तर. गेल्या वर्षी ते गेले. आई एकटी पडू नये म्हणून पुण्याची खोली सोडून मी सॉफ्टवेअर टेस्टिंगची नवी नोकरी घरून सुरू केली. प्रोबेशन पार पडलं तर इथेच राहता येणार, नाहीतर आईला टाकून पुन्हा पुणं.

आप्पांच्या खोलीत टेबल, मॉनिटर, राउटर सगळं मांडलं. टेबलासमोर त्यांचं लाकडी स्टूल तसंच होतं. अभ्यासाला बसलं की समोर विचारणारं माणूस हवंच, हा त्यांचा नेम. मी धडा घडाघडा म्हणून दाखवायची, आणि आप्पा स्टुलावरून म्हणायचे, "पन का? याके?" वर्गात कन्नड बोलणारी मुलंही असायची, म्हणून 'का' दोन्ही भाषांत. घरीही तीच सवय. उत्तर मात्र स्वतः कधी द्यायचे नाहीत. असा राग यायचा!

मी स्टुलावर लॅपटॉपची बॅग टाकली.

"बॅग काढ गं," आई म्हणाली. "त्येंनी बसायचं कुठं?"

"काहीतरीच तुझं, आई!"

त्याच आठवड्यातली सकाळची मीटिंग. आई शेतात गेलेली. माझा माइक बंद. आमचे सीनियर, हुबळीचे सर, नवी सिस्टीम समजावत होते... नवी नोंद केली की जुनी आपोआप रद्द होते म्हणे. मला कळेना, पण बाकी सगळे माना डोलावत होते. विचारलं तर मठ्ठ ठरेन, न विचारता काम केलं तर चुकेन — नोकरी दोन्हीकडून गेली! मी माइक बंदच ठेवला.

सर एकदम थांबले. "तुमच्याकडे 'याके' कोणी विचारलं? कोणी वयस्कर आहेत का?"

स्क्रीनवर बोलणाऱ्याची उजळते तशी माझीच चौकट उजळली होती. माइक बंद असल्याची लाल रेघ मात्र तशीच.

"प्रश्न बरोबर आहे," सर म्हणाले. "जुनी नोंद रद्द व्हायला नको. चूक आहे ही."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण भीती नाही वाटली, खरंच. डोळे भरून आले. मी माइक सुरू केला आणि अडलेलं सगळं विचारून घेतलं. तेव्हापासून विचारतेच आहे. प्रोबेशन पार पडलं.

सहकारी म्हणतात, नेटवर्कचा घोटाळा. असेल. पण नेटवर्कला 'याके' कुठून सुचलं?

त्या मीटिंगच्या दिवशीच मी स्टुलावरची बॅग खाली ठेवली. आई शेतातून आली, तिनं स्टुलाकडे बघितलं आणि ते पदरानं पुसलं.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. असले प्रश्न घेऊन ज्यांच्याकडे जायची, ते आप्पाच नाहीत... आणि असते तरी त्यांनी उत्तर थोडंच दिलं असतं!