उस्मानचाचांची रॅम

"माझी शबाना आता…" एवढं बोलून कॉम्प्युटर बंद पडला. स्क्रीन निळी झाली, मग काळी. मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला लागलं. पलंगावर उशांच्या आधारानं बसवलेले उस्मानचाचा स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.

"सकाळपासनं असंच चाललंय, भाऊ," त्यांची मुलगी शबाना म्हणाली. "अर्ध्या वाक्यात जातंय. उद्या माझा निकाह हाय."

कोल्हापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शहराबाहेर व्हिजिटला मी सहसा जात नाही. पण शबाना फोनवर म्हणाली होती, "अब्बांचा आवाज बंद पडलाय." म्हणून कबनूरला आलो.

चाचा यंत्रमागावर जॉबर होते. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. मग त्यांना एक आजार जडला. त्यात एकेक स्नायू निकामी होत जातो, डोकं मात्र शाबूत राहतं. हात गेले, पाय गेले, शेवटी जीभ गेली. आता फक्त डोळे हलत होते. आवाज होता तोवर शबानानं तो मोबाइलवर भरपूर रेकॉर्ड करून ठेवला होता. चाचांची नजर स्क्रीनवरच्या कुठल्या अक्षरावर थांबते ते समोरचा कॅमेरा टिपायचा, आणि जुळलेलं वाक्य सॉफ्टवेअर त्यांच्याच आवाजात बोलायचं.

एवढं सगळं एका वेळी चालायला रॅम लागते. रॅम म्हणजे कॉम्प्युटरचा स्वयंपाकाचा ओटा. फडताळात सामान कितीही असू दे, ओट्यावर मावेल तेवढंच काम एका वेळी होतं. चाचांच्या मशीनमध्ये चार जीबीची एकच पट्टी होती. मशीन सारखं हँग होतंय म्हणून कुणीतरी शेजारच्या स्लॉटमध्ये आठ जीबीची पट्टी बसवून दिली होती. मी कॅबिनेट उघडून दोन्ही लेबलं वाचली. कंपनी वेगळी, स्पीड वेगळा. अशा बेजोड पट्ट्या कधी कधी चालतातही. पण मध्येच कधी दगा देतील ते सांगता येत नाही.

चाचांचे थोरले भाऊ कमालभाई दारात उभे होते. लग्नाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं होती.

"एवढी खटपट कशाला, पावणं?" ते म्हणाले. "काझीसाहेब बापाची परवानगी विचारतील. ह्यो डोळं मिटंल. झाली की परवानगी!"

"अब्बांना बोलायचं हाय," शबाना म्हणाली.

"काय बोलायचं हाय?"

"ते मलाबी सांगत न्हाईत."

जुन्या मशीनमधून काढलेल्या पट्ट्यांचा डबा मी बरोबर ठेवतो. त्यात चार जीबीवाल्या पट्टीची जोडीदार सापडली. तीच कंपनी, तोच स्पीड, तेवढीच क्षमता. वायर काढली. सोनेरी कडा खोडरबरानं घासल्या. आठ जीबीची पट्टी काढून जोडीदार बसवली, दोन्ही बाजूंचे खटके लागले. मशीन सुरू झालं. रॅम पूर्ण दिसली.

"झालं न्हवं? द्या आता," कमालभाई म्हणाले.

"टेस्ट लावायला हवी. पट्टी जुनी आहे. पण टेस्टला संध्याकाळ होईल, तोवर मशीन त्यातच अडकून राहील आणि चाचांना बोलता येणार नाही."

मी शबानाकडं बघितलं.

"मला काय विचारताय?" ती म्हणाली. "अब्बांना विचारा."

मी पलंगाशेजारी बसलो आणि चाचांना दोन्ही बाजू सांगितल्या. टेस्ट लावली तर संध्याकाळपर्यंत गप्प राहावं लागेल. न लावता सोडलं तर उद्याचा भरवसा नाही. त्यांची नजर अक्षरांवरून हळूहळू फिरली. मग आवाज आला. भरड, मागाच्या खडखडाटावर ओरडून कमावलेला.

"लाव. ट्रायल न घेता मी माग सोडत न्हवतो. स्क्रीन माझ्याकडं असू दे."

दुपारभर चाचा टेस्टचे आकडे पुढं सरकताना बघत होते. पाहुणे येत होते, पलंगाजवळ उभे राहून आपापसात बोलत होते. मुलाकडच्या एक बाई कमालभाईंना म्हणाल्या, "लग्नानंतर शाळेत जाणं बंद करंलच की ती. घरात माणूस नको व्हय?" शबाना प्राथमिक शाळेत शिकवायची. कमालभाई म्हणाले, "बघू की नंतर." चाचांची नजर आकड्यांवरून उठली, भावाच्या तोंडावर जाऊन थांबली. त्या वेळी त्यांच्याकडं आवाज नव्हता, आणि तो मीच बंद ठेवला होता. टेस्ट थांबवावी असं एकदा मनात आलं. नाही थांबवली.

संध्याकाळी टेस्ट संपली. एकही एरर नाही.

"उद्या या, भाऊ," शबाना म्हणाली. "मशीन अडलं तर कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या मागं भिंतीला टेकून उभा होतो. काझीसाहेबांनी परवानगी विचारली. एकेक अक्षर जुळत होतं, आणि माझं लक्ष फक्त मशीनच्या हिरव्या दिव्याकडं होतं.

"परवानगी हाय," चाचांचा आवाज आला.

कमालभाई पुढचं सांगायला वळले. पण चाचांची नजर थांबली नव्हती. काझीसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"एक अट हाय. शबानाची शाळा सुटणार न्हाय. कबूल असंल तर म्होरं चला."

पडद्याच्या कडेशी उभ्या असलेल्या मुलाकडच्या त्या बाईंनी मान खाली घातली. मग नवरा मुलगा, इरफान, उठून पलंगाजवळ आला.

"कबूल, अब्बा," तो हलक्या आवाजात म्हणाला.

नजर पुन्हा फिरली. "मोठ्यानं बोल. सगळ्यांस्नी ऐकू दे."

"कबूल हाय!" इरफान मोठ्यानं म्हणाला. पडद्याआड बायकांत बसलेली शबाना रडतेय हे भिंतीपाशीसुद्धा ऐकू आलं.

डोळे मिटून माणसाला फक्त 'हो' म्हणता येतं. अट घालायला वाक्य लागतं.

चाचा त्यानंतर एक पावसाळा जगले. मशीन शेवटपर्यंत अडलं नाही. शबाना त्याच शाळेत शिकवते.

माझ्या धंद्यात यातून शिकण्यासारखं थोडंच आहे. रॅम वाढवताना आधी जुन्या पट्टीचं लेबल वाचावं, तिच्या जोडीचीच पट्टी लावावी, आणि टेस्ट झाल्याशिवाय मशीन हातातून सोडू नये. गिऱ्हाईक घाईत असतं, चिडतं. चिडू दे.