कुणी सांगितलं?

जर्मनीत, रेगेन्सबर्गला आमच्या वरच्या मजल्यावर एक आयरिश आजी राहायच्या. त्यांना काहीही सांगा, आधी विचारणार, "कुणी सांगितलं? कुठल्या गावचं माणूस?" उद्या बर्फ पडणार म्हटलं, तरी हेच! लहानपणी शाळेनं त्यांना गावातल्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, भुतंखेतं, औषधं गोळा करायला धाडलं होतं. सांगणाऱ्याचं नाव-गाव विचारायचंच, असा मास्तरांचा दंडक. शाळा सुटली, खोड राहिली.

एकदा माझ्या डोळ्याला रांजणवाडी झाली. आजी म्हणाल्या, "काटेरी झुडपाचे काटे रोखायचे रांजणवाडीवर. पळते!" पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई तेव्हा वाटीच्या बुडावर लवंग उगाळत होत्या. आजींनी लगेच जर्मनमध्ये विचारलं, "यांना कुणी सांगितलं?" मी ते मराठीत विचारलं.

सासूबाईंचा हात थांबला.

"माझ्या आत्यानं. वाईची. विहिरीत सूर मारायची, बाप्यांच्या वरताण!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, ही आत्या मला ठाऊकच नव्हती. संध्याकाळभर मी दुभाषी. लवंग वाळून गेली.

डोळा आपोआप बरा झाला. सासूबाईंचं लक्षच नव्हतं.

"अगं, त्या वरच्या बाई परत कधी येणार? मला अजून एक आठवलंय."